बारा व्होल्टवर एक फुटी ट्यूब: घरी गुंडाळायचा इन्व्हर्टर

नुसता उजेड हवा असेल, तर पुढचं काही वाचू नका. बारा व्होल्टचा पाच वॉटचा एलईडी दिवा आणा आणि बॅटरीला जोडा. एक फुटी, ८ वॉटची ट्यूब साधारण ४०० लुमेन उजेड देते. एलईडी तेवढाच उजेड जवळपास निम्म्या विजेत देतो. पण तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये किंवा कोरेगाव-वाईकडच्या गोठ्यात बंद पडलेल्या इमर्जन्सी लाइटचे सांगाडे अजून खुंटीला लटकलेले असतात, आत ट्यूब धडधाकट असते आणि फक्त सर्किट मेलेलं असतं. ते जिवंत करायचं असेल, किंवा आयटीआयला जाणाऱ्या पोराला ट्रान्सफॉर्मर नेमका काय करतो हे हाताने शिकायचं असेल, तर हे काम करण्यासारखं आहे.

इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्ट डीसीचं ट्यूबला लागणारं जास्त व्होल्टेजचं एसी करणारं सर्किट. यात ट्रान्झिस्टर दोन, रेझिस्टर दोन आणि कपॅसिटर चार. सोल्डरिंगचं काम तासाभराचं. उरलेला सगळा वेळ ट्रान्सफॉर्मरला द्यायचा, कारण न चालणाऱ्या दहा सर्किटांतल्या आठांमध्ये ट्रान्झिस्टर नाही, गुंडाळी चुकलेली असते.

काय घडतं ते आधी

८ वॉटची नळी पेटलेली असताना तिच्या दोन टोकांत सुमारे ५६ व्होल्ट असतात आणि तिच्यातून ०.१४५ अँपिअर जातात. पेटण्याआधी मात्र, फिलामेंट न तापवता पेटवायची तर, तिला तीनशेच्या वर व्होल्ट लागतात. एकदा पेटली की तिचा विरोध कोसळतो आणि ती मिळेल तेवढा करंट ओढत सुटते. म्हणून तिच्या वाटेत अडसर लागतो. घरच्या पट्टीत ते काम चोक करतो, इथे २.२ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर करेल. हाच कपॅसिटर डीसीही अडवतो. स्वस्त इमर्जन्सी लाइटमध्ये एकाच ट्रान्झिस्टरवर काम भागवून नळी थेट सेकंडरीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जास्त व्होल्टेजच्या गुंडाळीला, जोडतात. तिच्यातून दोन्ही दिशांना सारखा करंट जात नाही आणि एक टोक लवकर काळं पडतं.

दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होतात. प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरची बॅटरीकडची गुंडाळी) आणि तिच्यावरचा कपॅसिटर मिळून सुमारे २८ किलोहर्ट्झवर झुलतात आणि बाहेर जवळजवळ साइन वेव्ह येते. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (बेस, कलेक्टर, एमिटर या त्याच्या तीन पायांपैकी एक) पुरवठ्याच्या ३.१४ पट, म्हणजे ३८ व्होल्टपर्यंत शिखर चढतं. चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ वर गेली तर ४५. म्हणून १०० व्होल्टचा टीआयपी ४१सी ट्रान्झिस्टर निवांत चालतो. ६० व्होल्टचा डी३१३ लावला तर चालेल, पण हातात फारसं काही उरत नाही. २एन३०५५ प्रत्येकाच्या डब्यात पडलेला असतो, म्हणून तोच लावायचा मोह होतो. तो या वेगाला सुस्त आहे. बंद व्हायला वेळ लावतो आणि तापतो.

सामान

- टीआयपी ४१सी: २. दोन्ही एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच पट्टीतले.
- फेराइट कोर ईई-३०, बॉबिनसह (तार गुंडाळायची रीळ): १
- रेझिस्टर ४७० ओहम, १ वॉट: २
- कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन: १ (दोन कलेक्टरांमध्ये)
- कपॅसिटर २.२ नॅनोफॅरड, १६०० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन: १ (नळीच्या सिरीजमध्ये)
- इलेक्ट्रोलिटिक १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट: १, आणि त्याला समांतर साधा ०.१ मायक्रोफॅरड: १
- चोक, सुमारे २२० मायक्रोहेन्री, २ अँपिअर: १
- डायोड १एन५४०८: १
- २ अँपिअरचा फ्यूज, होल्डरसकट
- २२ गेज आणि ३४ गेज इनॅमल तार
- ५० × १०० मिलिमीटर, २ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियम पट्टी. अभ्रकाच्या चकत्या आणि प्लॅस्टिकचे बुश दोन-दोन

तार आणि इन्सुलेशनसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जायचं. तिथे तार वजनावर मिळते. सांगली, मिरज, कराड, साताऱ्यातच नाही, तालुक्याच्या कुठल्याही गावात असं दुकान असतं, आणि तार नेहमी एसडब्ल्यूजी (ब्रिटिश मापाच्या) गेजमध्ये मागायची. २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर, ३४ गेज म्हणजे ०.२३. कोर आणि पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर गावात मिळाले नाहीत तर पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. कुणी जाणार असेल तर एकदम दोन-तीन जोड मागवून ठेवावेत. फेराइट हातातून पडला की संपला.

चोकसाठी जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायच्या डब्यातली) पिवळी-पांढरी रिंग उत्तम. बाहेरचा व्यास २७ मिलिमीटर असेल तर तिच्यावर २२ गेजचे ५० वेढे एका थरात बसतात आणि साधारण २३० मायक्रोहेन्री मिळतात. ट्रान्सफॉर्मरचा कोर मात्र त्यातला अंदाजाने घेऊ नका. घ्यायचाच असेल तर मधल्या पायाची जाडी ईई-३० पेक्षा कमी नको, आणि खाली दिलेली ७० मायक्रोहेन्रीची चाचणी करायचीच.

नळीच्या कपॅसिटरच्या जागी निळी-तपकिरी सिरॅमिक चकती चालत नाही. तिच्यावर २ किलोव्होल्ट छापलेलं असलं तरी नाही. ३०० व्होल्टवर २८ किलोहर्ट्झचा करंट सतत वाहताना ती आतून तापते, तापली की तिचं मूल्य घसरतं, आणि नळी हळूहळू मंद होत गेल्याचं दिसतं. शेवटी चकती तडकते.

ट्रान्सफॉर्मर

प्रायमरी दोन तारा एकदम धरून गुंडाळायची. २२ गेजच्या दोन तारा शेजारी-शेजारी, पिळ न देता, १० वेढे. वीस तारा एका थरात, सुमारे १५ मिलिमीटरमध्ये बसतात, म्हणजे बॉबिनची रुंदी जवळपास भरते. आता चार टोकं आहेत. पहिल्या तारेची सुरुवात ‘क’, शेवट ‘ख’. दुसरीची सुरुवात ‘ग’, शेवट ‘घ’. गुंडाळण्याआधीच एका तारेच्या दोन्ही टोकांना नेलपॉलिशचा ठिपका द्या. ‘ख’ आणि ‘ग’ एकत्र जोडायचे, तो झाला मधला टॅप. ‘क’ आणि ‘घ’ दोन कलेक्टरांना जातील. इथे चूक अशी होते की दोन्ही सुरुवाती एकत्र जोडल्या जातात. मग दोन अर्ध्या गुंडाळ्या एकमेकींना खोडतात आणि फ्यूज उडतो. मल्टिमीटरच्या बझरवर ‘क’-‘ख’ आणि ‘ग’-‘घ’ वेगवेगळे वाजले पाहिजेत. तारांना ओळख पटल्यावरच डाग द्या.

त्यावर पिवळ्या पॉलिस्टर टेपचा एक थर. साधी काळी पीव्हीसी टेप नको, ती तापली की गोंद सोडते आणि थर सरकतात. मग फीडबॅक, म्हणजे ट्रान्झिस्टरांना आळीपाळीने चालू-बंद करणारी गुंडाळी: ३४ गेजचे फक्त २ वेढे, बॉबिनभर पसरून. दोन म्हणजे दोनच. या कोरवर एका वेढ्यात सुमारे १.९ व्होल्टचं शिखर येतं. दोन वेढ्यांत ३.८, त्यातून चालू ट्रान्झिस्टरच्या बेसचे ०.७ गेले की बंद ट्रान्झिस्टरच्या बेसवर उलट दिशेने ३.१ व्होल्ट पडतात. टीआयपी ४१सीची तिथली मर्यादा ५ व्होल्ट आहे. ‘जोर वाढावा’ म्हणून तिसरा वेढा टाकला की आकडा ४.९ वर जातो, आणि बॅटरी चार्जिंगला असली की पाच ओलांडतो. ट्रान्झिस्टर लगेच मरत नाही. त्याचा गेन (करंट वाढवण्याची ताकद) हळूहळू उतरतो, आणि महिन्याभराने सर्किट ‘आपोआप’ बिघडतं.

फीडबॅकवर टेपचे तीन थर, आणि मग सेकंडरी: ३४ गेजचे २५० वेढे. एका थरात साधारण ६० वेढे बसतात, म्हणजे चार थर आणि थोडं. प्रत्येक थरानंतर टेपचा एक थर हवाच. तार कडेला घसरून खालच्या थरात गेली, तर शेजारच्या दोन वेढ्यांत एरवी सव्वा-दीड व्होल्टचा फरक असतो तिथे दीडशे व्होल्टचा होतो, आणि ठिणगी तिथूनच पडते. म्हणून थर संपताना काठापासून दोन मिलिमीटर आधीच थांबायचं. ३४ गेजची तार थेट पिनला लावू नका, हलली की मुळात तुटते. आतच बारीक लवचीक वायरला जोडून, सांध्यावर टेप लावून मग बाहेर काढा. आतलं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला जाईल, बाहेरचं २.२ नॅनोफॅरडला. उलट केलं तर सगळ्यात जास्त व्होल्टेजचा थर फीडबॅकला चिकटून बसतो.

आता फट. कोरचे दोन अर्धे भाग थेट एकमेकांवर बसवायचे नाहीत. साध्या झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. दोन थर कापून तिन्ही पायांमध्ये ठेवा आणि कोर टेपने घट्ट आवळा. चुंबकीय वाटेत एकूण ०.४ मिलिमीटर फट पडते, आणि ‘क’ ते ‘घ’ या पूर्ण वीस वेढ्यांचं इंडक्टन्स (हेन्रीत मोजतात ते गुंडाळीचं मूल्य) ७० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं. हल्लीच्या स्वस्त कंपोनंट टेस्टरवर हे मोजता येतं. ६० ते ८० चालेल. कागद विसरला तर इंडक्टन्स दहापटीच्या आसपास वाढतं, फ्रिक्वेन्सी ८-९ किलोहर्ट्झवर उतरते, कोर सॅच्युरेट होतो (त्याची चुंबकत्व पेलायची मर्यादा संपते), आणि सर्किट कर्कश शिट्टी वाजवत तापतं. शिट्टी ऐकू आली की सर्वात आधी कागद बघायचा. नीट चाललेला इन्व्हर्टर माणसाच्या कानाला मुका असतो.

जोडणी

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूजनंतर १एन५४०८, पट्टी असलेलं टोक पॉझिटिव्हला आणि दुसरं निगेटिव्हला. अंधारात चिमटे उलटे लागले तर हा डायोड फ्यूज उडवतो आणि ट्रान्झिस्टर वाचतात. तिथेच १००० मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर ०.१. पुढे चोक, चोकचं दुसरं टोक मधल्या टॅपला. ‘क’ पहिल्या कलेक्टरला, ‘घ’ दुसऱ्या. या दोहोंच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड ४०० व्होल्ट. दोन्ही एमिटर निगेटिव्हला. फीडबॅकची दोन टोकं दोन बेसना. ४७० ओहमचा एकेक रेझिस्टर प्रत्येक बेसपासून पॉझिटिव्हला, पण चोकच्या आधीच्या बाजूला. सेकंडरीचं आतलं टोक निगेटिव्हला आणि नळीच्या एका बाजूला, बाहेरचं २.२ नॅनोफॅरडमधून दुसऱ्या बाजूला. नळीच्या प्रत्येक टोकाच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाका.

टीआयपी ४१सी छापील बाजूने धरला की डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. डी८८२ सारख्यांचा क्रम उलटा असतो, त्यामुळे बदली ट्रान्झिस्टर लावताना पाय मोजून बघा. टीआयपीची धातूची पाठ कलेक्टरला जोडलेली असते. एकाच पट्टीवर दोघे बसवताना अभ्रक आणि बुश न लावता स्क्रू आवळला तर दोन्ही कलेक्टर शॉर्ट. बसवून झाल्यावर पट्टी आणि प्रत्येक पाठ यांत बझर वाजता कामा नये.

नळीपर्यंतच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लांब वायर पत्र्याच्या कडेने नेली की करंटचा काही भाग वाटेतच पत्र्यात गळतो, आणि नळीचं एक टोक उजळ, दुसरं मंद दिसतं. लांब नेणं भागच असेल तर बारा व्होल्टची वायर लांब न्यावी, सर्किट नळीच्या पाठीशीच बसवावं. शेजारी मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावली असेल तर खरखर येते. तीही लांब वायरींमुळे जास्त.

पहिल्यांदा वीज देताना

थेट बॅटरीला लावायचं नाही. गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. नळी जोडलेली असू द्या. बल्ब लालसर मंद आणि नळी पेटलेली, किंवा पेटण्याच्या बेतात: ठीक आहे. बल्ब पूर्ण प्रखर: मधला टॅप चुकला, अभ्रक फाटला, किंवा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. बल्ब बऱ्यापैकी पेटलेला, आवाज नाही, नळी मृत आणि दोन्ही ट्रान्झिस्टर गरम होत चाललेले: फीडबॅक उलटा आहे. वीज काढा, बेसकडची दोन टोकं अदलाबदल करा. हे इतक्या वेळा होतं की ती दोन टोकं पहिल्यांदा कायमची डागूच नयेत.

बल्ब काढल्यावर अॅमीटर लावा. नळी पेटलेली असताना १२ व्होल्टवर ०.८ ते ०.९ अँपिअर, नळी काढली तर ०.३ च्या आत. नळी नसताना सव्वा अँपिअर ओढत असेल तर सेकंडरीत कुठेतरी वेढे शॉर्ट आहेत. पाच मिनिटं चालवून वीज बंद करा आणि हात लावा. पट्टी कोमट, कोर कोमट. बोट टिकत नसेल तर काहीतरी चुकलं आहे.

सेकंडरीचं व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजायला जाऊ नका. त्याचं एसी रेंज ५० हर्ट्झसाठी असतं, २८ किलोहर्ट्झवर ते काहीही आकडा दाखवतं, आणि तो आकडा बघून लोक वेढे वाढवत बसतात. चालू असताना बाहेरच्या टोकाला बोटही लावू नका. ३३० व्होल्ट आहेत. पन्नास हर्ट्झचा झटका बसतो तसा इथे बसेलच असं नाही, पण त्वचा भाजते.

नळी पेटत नसेल, नीट जळत नसेल

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, किंवा पहाटे उघड्या शेडमध्ये, नळी पेटायला कुरकुरते. नळीच्या मागे एक-दोन सेंटिमीटरवर अॅल्युमिनियमची पट्टी ठेवून ती निगेटिव्हला जोडा. बहुतेक वेळा तेवढ्याने पेटते. थंडीत उजेडही कमी पडतो, त्याला इलाज नाही.

नवी नळी कधीकधी आत साप वळवळल्यासारखी दिसते. काही तास जळू द्या, बहुतेकदा थांबतं. नाही थांबलं तर करंट कमी पडतोय, बॅटरी तपासा. टोकं आठवड्याभरात काळी पडत असतील तर नळी वारंवार चालू-बंद होतेय. फिलामेंट न तापवता पेटवण्याची ही किंमत आहे: प्रत्येक सुरुवातीला टोकावरचं लेपण थोडं उडतं. संध्याकाळी एकदा लावून रात्री एकदा बंद करायला हे सर्किट बरं. संडासात बटण दाबून लावायला नाही. दुसरीकडे, फिलामेंट तुटल्यामुळे घरच्या पट्टीवर न पेटणारी नळी इथे बऱ्याचदा पेटते, टोकं फार काळी नसतील तर.

बॅटरी

यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) सीलबंद बॅटरी पुरते. तिचे सात एएच वीस तासांच्या संथ वापरावर मोजलेले असतात, ०.८५ अँपिअरने ओढल्यावर सहाच्या आसपास मिळतात. त्यातले निम्मे वापरायचे ठरवले तर साडेतीन तास उजेड. रोज तळ गाठला तर वर्षभरात नवी घ्यावी लागेल. चालू असताना व्होल्टमीटर ११.५ वर आला की बंद करा, ११ च्या खाली कधीच नाही. चार्जिंग ०.७ अँपिअरने, कायम जोडून ठेवायची तर १३.५ ते १३.८ व्होल्टवर.

ट्रॅक्टरची बॅटरी हाताशी असते, पण ती स्टार्टर बॅटरी आहे, पातळ प्लेटांची. खोलवर उतरवली की बसते. अडीनडीला तासभर ठीक. इंजिन चालू असताना मात्र जोडू नका, अल्टरनेटरचे झटके थेट सर्किटवर येतात. आणि कृष्णाकाठच्यांनी, २००५ किंवा २०१९ सारख्या पुरात माळ्यावर चढवायची वस्तू म्हणून हे करत असाल, तर बॅटरी दर तीन महिन्यांनी चार्ज करायची. नाहीतर पाणी येईल त्या दिवशी ती सल्फेट झालेली, म्हणजे प्लेटांवर थर बसून निकामी झालेली असेल.

दोन फुटी नळी लावायची तर

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. २.२ च्या जागी ४.७ नॅनोफॅरड घातला की काम झालं, असं वाटतं. होत नाही. सेकंडरीकडचा कपॅसिटर प्रायमरीकडून वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने मोठा दिसतो. २५० भागिले २० म्हणजे साडेबारा, त्याचा वर्ग १५६. त्यामुळे २.२ नॅनो प्रायमरीला ०.३४ मायक्रोफॅरडसारखा भासतो आणि ४.७ नॅनो ०.७३ सारखा. फ्रिक्वेन्सी २८ वरून २१ किलोहर्ट्झवर येते, कोरमधला फ्लक्स त्याच प्रमाणात चढतो, प्रायमरीत झुलणारा करंट जवळपास तीन अँपिअर होतो, आणि २२ गेजची तार भाजते. एकाच ट्रान्सफॉर्मरवर दोन एक फुटी नळ्या आपापल्या कपॅसिटरसह लावल्या तरी हिशोब हाच.

दोन फुटीला मोठा कोर, जाड तार आणि नव्याने मोजलेली फट लागते, तो वेगळा ट्रान्सफॉर्मर झाला. त्यापेक्षा ८ वॉटचे दोन स्वतंत्र संच करा, दोन फ्यूज, दोन स्विच. एक बिघडला तर दुसऱ्याच्या उजेडात दुरुस्त करता येतो, आणि बॅटरी उतरत आली की एक बंद करून दुसरा लांबवता येतो.

फुटलेल्या नळीत पारा असतो. गोठ्यात फुटली तर जनावरं बाजूला घ्या, वारा खेळू द्या, तुकडे जाड पुठ्ठ्याने उचला आणि बंद डब्यात ठेवा. शेणाच्या उकिरड्यावर टाकू नका, ते खत शेतातच जाणार आहे.